आधी मोळी, मग आकडा: पहिली ते तिसरीच्या मुलांचं घरचं गणित

संध्याकाळी आमच्या सोप्यात गल्लीतली पाच-सहा पोरं अभ्यासाला बसतात. गेल्या पावसाळ्यात त्यातल्या दुसरीतल्या एकाला म्हटलं, "त्रेसष्ट लिही बघू." त्यानं पाटीवर ऐटीत ३६ लिहिलं. त्याची आई दारातच उभी होती. ती कळवळून म्हणाली, "बाई, कालच पन्नासदा लिहून घेतलंय की हो ह्याच्याकडनं!"

पोराचं काही चुकलं नव्हतं. त्याच्या कानावर आधी 'त्रे' पडलं, मग 'सष्ट'. आधी तीन, मग सहा. ऐकलं त्याच क्रमानं त्यानं लिहिलं. मराठीत शंभरच्या आतले बहुतेक आकडे आपण उलटे बोलतो आणि सुलटे लिहितो. मोठ्यांना ते कधी जाणवतही नाही, आणि सहा-सात वर्षांच्या मुलाला कुणी सांगतही नाही. पन्नासदा लिहून घेतल्यानं हात दुखतो, दहाचा गठ्ठा काही दिसत नाही.

प्राथमिक शाळेत बावीस वर्षं काढल्यावर माझं मत एवढंच झालंय: पहिल्या तीन वर्षांचं गणित म्हणजे दहा ओळखणं. बेरीज, वजाबाकी, हातचा, पाढे, सगळं त्या दहाभोवती फिरतं. म्हणून खाली जे सांगतेय त्यात दहाला जागा जास्त मिळाली आहे आणि बाकीच्यांना कमी.

सामान

किराणा दुकानातून अंड्यांचा पुठ्ठ्याचा रिकामा ट्रे मागून आणा. त्यात पाच-पाच खळग्यांच्या सहा ओळी असतात, एकूण ३०. दर दोन ओळींनंतर कात्री लावली की दहा-दहा खळग्यांचे तीन तुकडे होतात. बाजारात मिळणाऱ्या महागड्या गणित-पेटीपेक्षा हे तीन तुकडे मला जास्त उपयोगी पडले आहेत.

शंभर-दीडशे चिंचोके घ्या. जुन्या खराट्याच्या शंभर काड्या बोटभर लांबीच्या तोडून ठेवा आणि डझनभर रबर बँड. सापशिडीतला फासा. दहा रुपयांच्या दहा नोटा आणि रुपयाची वीसेक नाणी. ही नाणी मुद्दाम जमवावी लागतात, कारण भाजीवालीपासून दूध कट्ट्यापर्यंत सगळीकडे फोन दाखवून पैसे देतात आणि आताच्या पोरांनी सुट्टे मोजून परत घेतलेलेच नसतात. आमची पिढी निम्मी वजाबाकी दुकानाच्या फळीपाशीच शिकली. वहीची घाई नको. पाटी चांगली, पुसली की चूक गेली.

पहिली पायरी: म्हणणं वेगळं, मोजणं वेगळं

पाहुणे आले की "एक ते शंभर म्हणून दाखव" असा हुकूम सुटतो आणि पोर धडाधडा म्हणतंही. त्याच पोरापुढे १७ चिंचोके टाका. बोट एकीकडे, तोंड दुसरीकडे, उत्तर कधी १५, कधी १९. म्हणजे त्याला आकड्यांचं गाणं येतंय, मोजता येत नाही.

उपाय सोपा आहे. प्रत्येक चिंचोका बोटानं सरकवून दुसऱ्या बाजूला न्यायचा आणि सरकवतानाच आकडा म्हणायचा. सगळे सरकले की विचारा, "मग किती आहेत?" मूल पुन्हा एकपासून मोजायला लागलं, तर शेवटचा आकडा म्हणजे सगळ्यांची संख्या हे त्याला अजून उमगलेलं नाही. रागावू नका, आणखी आठवडाभर हाच खेळ चालू द्या. मग तेच आठ चिंचोके लांब-लांब पसरून विचारा, "आता किती?" बरीच मुलं "जास्त झाले" म्हणतात. त्यांनाच परत मोजू द्या, तुम्ही सांगू नका.

फाशावरचे ठिपके न मोजता नुसत्या नजरेनं ओळखता आले पाहिजेत. आणि मोजणी मधूनच सुरू करायची सवय लावा: सातपासून पुढे, बारापासून मागे. उलटी मोजणी ज्याला येते त्याला पुढे वजाबाकी जड जात नाही. जिन्याच्या पायऱ्या उतरताना हे आपोआप होतं.

दुसरी पायरी: दहाचा ट्रे

एक तुकडा पुढे ठेवा. सात खळग्यांत चिंचोके. "किती भरले?" सात. "किती रिकामे?" तीन. मग पाच आणि पाच, आठ आणि दोन, सहा आणि चार. दोन-तीन दिवसांनी ट्रेवर फडकं टाका आणि एक कोपरा उचलून क्षणभरच दाखवा. मूल मोजायच्या आत झाका. वरची पाचची ओळ भरलेली आणि खाली दोन, हे चित्र डोळ्यात बसलं की 'सात' म्हटल्यावर 'तीन कमी' हे सोबतच येतं.

खेळ म्हणून मी असं करते: मी एक आकडा म्हणायचा, पोरानं त्याचा दहातला जोडीदार सांगायचा. "चार!" "सहा!" "नऊ!" "एक!" चहा उकळेपर्यंत दहा-बारा फेऱ्या होतात. हे बोटं न मोजता यायला लागेपर्यंत पुढे जाऊ नका. कुणाला आठवडा लागतो, कुणाला महिना. इथे गेलेला महिना तिसरीत परत मिळतो.

बोटांवरून आठवलं. बोटं मोजणाऱ्या मुलाच्या हातावर मारणारे पालक मी पाहिलेत. बोटं ही देवानं दिलेली दहाची चौकट आहे, वापरू द्या. दहाच्या जोड्या डोक्यात बसल्या की ती आपसूक सुटतात.

तिसरी पायरी: मोळी आणि उलटं बोलणं

आपल्या कोल्हापूर भागातल्या मुलांना उसाची मोळी सांगावी लागत नाही. कारखाने सुरू झाले की ट्रॅक्टर समोरूनच जातात. म्हणून मी दशकाला आधी 'मोळी' म्हणते. दहा काड्या मोजायच्या, रबर बँड लावायचं, झाली एक मोळी. उरलेल्या सुट्ट्या. 'दशक' आणि 'एकक' हे शब्द महिन्याभरानं आले तरी चालतं.

मोळी पोरानं स्वतःच्या हातानं बांधली पाहिजे. तयार बांधलेली दिली की ती त्याच्या लेखी एकच वस्तू राहते, तिच्या पोटात दहा आहेत यावर त्याचा विश्वास बसत नाही. शंका आली तर सोडून मोजू द्या. एक मुलगी रोज बसल्याबसल्या पहिली मोळी सोडून बघायची, दहाच आहेत ना. आठ दिवसांनी तिनं ते आपणच थांबवलं.

आता नावांकडे या. मुलापुढे सहा मोळ्या आणि तीन काड्या ठेवा आणि हे तीन तऱ्हांनी बोलून घ्या: "सहा मोळ्या, तीन सुट्ट्या. साठ आणि तीन. त्रेसष्ट." पहिलं बोलणं काड्यांचं, दुसरं किमतीचं, तिसरं नावाचं. रोज चार-पाच आकडे, जास्त नाहीत. मग उलट दिशेनं: तुम्ही "अठ्ठेचाळीस" म्हणायचं, मुलानं आधी मोळ्या मांडायच्या आणि त्यानंतरच पाटीवर लिहायचं. मोळ्या डावीकडे, सुट्ट्या उजवीकडे, अगदी लिहितो तशा. माझ्याकडच्या ३६ वाल्याचं गाडं इथेच रुळावर आलं.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' असं संख्यावाचन जुन्या नावांच्या जोडीला आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल. विधानसभेतसुद्धा चेष्टा झाली. गणिताच्या समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या, आणि मुलांची अडचण त्यांनी बरोबर हेरली होती असं मला तेव्हाही वाटलं, आजही वाटतं. भाषा बुडेल म्हणून ओरडणाऱ्यांपैकी किती जणांनी सहा वर्षांच्या पोराला 'त्रेपन्न' शिकवलं होतं कुणास ठाऊक. अर्थात जुनी नावं आलीच पाहिजेत, बाजारात 'पन्नास तीन रुपये' कुणी म्हणत नाही. म्हणूनच मी दोन्ही बोलून घेते. 'साठ तीन' हा शिडीचा वासा समजा, वर पोचल्यावर काढायचा.

अडचण नुसत्या उलट्या क्रमाची नाही, रूपंही बदलतात. तीनच बघा: तेरा, तेवीस, तेहतीस, त्रेचाळीस, त्रेपन्न, त्र्याहत्तर. पन्नास कुठे 'वन्न' होतो (बावन्न), कुठे 'पन्न' (चोपन्न). साठचं 'सष्ट', सत्तरचं 'हत्तर'. ही रूपं पाठ करून घेण्याआधी मुलाला शोधायला लावा. "बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट: ह्यात दोन कुठं लपलाय?" पोरांना लपाछपी आवडते.

सगळ्यात घसरडी जागा म्हणजे एकोणतीस, एकोणचाळीस वगैरे. २९ लिहिताना त्यात दोन आहे आणि नऊ आहे, पण नावात दोन्ही नाहीत. नाव बोट दाखवतं तीसकडे. मूल 'तीस' ऐकून ३९ लिहितं. इथे तीन मोळ्या मांडा, एक मोळी सोडा, त्यातली एक काडी उचलून बाजूला ठेवा. "तीसला एक ऊन, म्हणजे एक कमी, म्हणून एकोणतीस." आता पुढे काय उरलं? दोन मोळ्या, नऊ सुट्ट्या. एकदा हातानं केलं की बहुतेकांचा हा घोळ मिटतो.

काही मुलं 'पंचवीस' ऐकून २०५ लिहितात. त्यांच्यासाठी जुन्या लग्नपत्रिकांच्या चिठ्ठ्या कापा: १० ते ९० च्या रुंद चिठ्ठ्या, १ ते ९ च्या अरुंद. २० च्या चिठ्ठीवर शून्य झाकेल अशी ५ ची चिठ्ठी ठेवायची. शून्य कुठे गेलं? पाचाखाली दडलंय.

आणखी एक इशारा, विशेषतः सेमी-इंग्रजीच्या पालकांना. मराठी एक आणि इंग्रजी नऊ दिसायला जवळचे, मराठी पाच आणि इंग्रजी चारही तसेच. दोन्ही लिपी एकाच दिवशी, एकाच पाटीवर नकोत. ३ आणि ६ उलटसुलट होणं मात्र सहाव्या-सातव्या वर्षापर्यंत चालायचंच.

चौथी पायरी: बेरीज आणि माझी चूक

८ + ५ करताना मूल आधी आठ मोजतं, मग पाच मोजतं, मग सगळे परत एकपासून मोजतं. इथून त्याला दोन टप्प्यांत बाहेर काढायचं. पहिला टप्पा: आठ मुठीत धर आणि पुढे मोज, नऊ, दहा, अकरा, बारा, तेरा. दुसरा टप्पा ट्रेचा: एका तुकड्यात आठ, दुसऱ्यात पाच. "पहिला भरायला किती पाहिजेत?" दोन. दुसऱ्यातले दोन इकडे आले. एक ट्रे भरला, तीन उरले. तेरा. दुसरी पायरी पक्की असेल तर हे चटकन जमतं, नसेल तर इथे अडतं आणि आपल्याला वाटतं पोरगं मठ्ठ आहे.

आता हातचा. पहिली कित्येक वर्षं मी फळ्यावर "सात नि पाच बारा, बाराचे दोन, हातचा एक" असं घोकून घेत होते. मुलं उत्तरं बरोबर आणायची, मीही खूश. मग एकदा एका मुलीला विचारलं, "हा हातचा एक म्हणजे काय गं?" ती म्हणाली, "वर लिहायचा असतो." बस्स. त्याच वर्गात २७ + १५ चं उत्तर ३१२ लिहिणारेही होते आणि ते आपल्या जागी बरोबर होते: दोन नि एक तीन, सात नि पाच बारा.

काड्यांनी हे असं दिसतं. दोन मोळ्या सात सुट्ट्या, खाली एक मोळी पाच सुट्ट्या. सुट्ट्या एकत्र केल्या, बारा झाल्या. दहा झाल्या रे झाल्या की बांधायच्या, हा आपला नियम. नवी मोळी बांधली आणि उचलून मोळ्यांच्या रांगेत नेऊन ठेवली. तो हातचा. मुलानं मोळी उचलून नेली, त्याच क्षणी पाटीवर दशकाच्या डोक्यावर १ लिहायला सांगा. दहा-बारा दिवस हात आणि पाटी असे सोबत चालले की काड्या बाजूला करा.

पाचवी पायरी: वजाबाकी, आणि पंचगंगेची पट्टी

५२ - २७ चं उत्तर ३५ आलं, तर मूल प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा करतंय. सातातून दोन गेले पाच. 'दोनातून सात जात नाहीत' हे वाक्य शंभरदा ऐकूनही हे होतं. पाच मोळ्या आणि दोन सुट्ट्या पुढे ठेवून "ह्यातल्या सत्तावीस मला दे" म्हणा. दोन मोळ्या तो लगेच देतो. मग सात सुट्ट्या मागितल्या की अडतो, इकडेतिकडे बघतो आणि एक मोळी सोडतो. सोडू द्या. कुणी न सांगता सोडली तर उत्तमच. उरल्या दोन मोळ्या, पाच सुट्ट्या.

पण वजाबाकी म्हणजे नुसतं काढून घेणं नव्हे. 'कितीनं जास्त' आणि 'अजून किती लागतील' हीसुद्धा वजाबाकीच, आणि शाळेत ती मागं पडते. त्यासाठी कोल्हापुरात आपल्याकडे फुकटचं साधन आहे. जुलै लागला की घराघरात एकच प्रश्न असतो: पाणी किती फुटांवर आलं? पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी, ४३ फुटांना धोका पातळी, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं.

जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू कापून एक उभी पट्टी तयार करा. दर दोन सेंटिमीटरवर एक रेघ, शून्य ते साठ, म्हणजे पट्टी १२० सेंटिमीटरची होईल. पन्नासवर थांबू नका, २०१९ आणि २०२१ ला पाणी त्याच्याही वर गेलं होतं. दाराच्या चौकटीला चिकटवा. ३९ ला पिवळी रेघ, ४३ ला लाल. सकाळी पातळी कळली की मुलानं कागदाची होडी त्या आकड्याला लावायची. इंच सोडून द्या, बारा इंचांचा फूट ही भानगड नंतर.

समजा काल होडी ३१ ला होती आणि आज ३५ ला. किती चढलं? इशाऱ्याला किती राहिलं? आणि धोक्याला? शेवटच्या प्रश्नाला एकानं असं उत्तर दिलं: "चाळीसला पाच, वर तीन, आठ." पाटी नाही, हातचा नाही. मधल्या दहाच्या मुक्कामावर थांबून पुढे जाणं त्याला ट्रेनं शिकवलं होतं. पाणी उतरायला लागलं की मागची मोजणी सुरू. मात्र ज्यांच्या घरात पाणी शिरतं, त्या मुलांना हा खेळ वाटत नाही. माझ्याकडे अशी एक मुलगी होती, तिच्यासाठी आम्ही पट्टीवर बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणातल्या, बैलाची उडी मोजली.

पाढे

पाढे पाठ हवेतच, या बाबतीत मी जुन्या वळणाची आहे. फक्त पाठांतराच्या आधी पाढा डोळ्यांना दिसला पाहिजे. बे चा पाढा चपलांच्या जोडांवर किंवा मिसळीवर होतो: एका प्लेटला दोन ब्रेड, तर पाच प्लेटांना किती? बे पाचे दहा. दहाचा पाढा मोळ्यांवर, पाचचा ट्रेच्या ओळींवर. हे तीन झाले की चारचा म्हणजे बे ची दुप्पट आणि आठचा म्हणजे चारची दुप्पट.

अख्खा अंड्यांचा ट्रे एकदा उभा आणि एकदा आडवा धरून दाखवा. पाच सक तीस, सहा पाचे तीस. ट्रे तोच, अंडी तेवढीच. हे पटलं की दोन ते दहाच्या पाढ्यांतले, एकेची ओळ सोडून, ८१ गुणाकार ४५ वर येतात, आणि त्यातलेही बरेचसे सोपे. नऊचा पाढा दहावरून येतो: दहा साते सत्तर, त्यातून सात गेले, नऊ साते त्रेसष्ट. रोज एकच पाढा, सुलटा आणि मधूनमधून विचारून. नुसता ओळीनं म्हणणारा मुलगा 'सहा आठे?' विचारलं की सहा एकेपासून गाडी सुरू करतो.

अपूर्णांकांची घाई नको. अर्धी भाकरी, चतकोर भाकरी, अर्धा लिटर दूध, एवढं तिसरीपर्यंत पुरे.

शाब्दिक उदाहरणं

'एकूण' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी, ही युक्ती कृपा करून शिकवू नका. हे उदाहरण घ्या: केएमटीच्या शहर बसमध्ये काही माणसं होती. रंकाळ्याला ६ उतरली. १४ उरली. आधी किती होती? 'उरली' पाहून मुलं १४ मधून ६ वजा करतात. त्यापेक्षा चिंचोक्यांची बस भरायला लावा आणि गोष्ट करून दाखवायला सांगा. आकडे काढून टाकलेली गोष्ट मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता आली की क्रिया कुठली करायची हे वेगळं सांगावं लागत नाही. आणि आठवड्यातून एकदा त्यालाच तुमच्यासाठी उदाहरण रचू द्या. पोरं असली खट्याळ उदाहरणं काढतात की विचारू नका.

वेळ आणि बोलणं

पहिलीला रोज पंधरा मिनिटं, तिसरीला पंचवीस. जेवणाच्या आधी, कार्टून लागायच्या वेळी नको. केंद्र सरकारच्या २०२१ पासूनच्या निपुण भारत अभियानातही पायाभूत संख्याज्ञानासाठी तिसरीपर्यंतचा अवधी धरलाय, तेव्हा शेजारच्या मुलाचे पाढे ऐकून दुसरीतच जीव घाबरा करू नका. तिसरीच्या मध्यावरही ८ + ५ एकपासूनच मोजावं लागत असेल, तर मात्र तिसरीचं पुस्तक मिटून ट्रे काढा. वर्गशिक्षकांशीही बोला.

उत्तर चुकलं तर "चूक!" म्हणण्याआधी "कसं केलंस?" विचारा. बरोबर आलं तरीही विचारा, नाहीतर पोर हुशार असतं, "कसं केलंस" म्हटलं की चुकलं हे ते ओळखतं.

तो ३६ वाला आता तिसरीत आहे. परवा त्याला एकोणची सगळी कुटुंबं लिहायला दिली होती: एकोणीस, एकोणतीस, पार एकोणनव्वदपर्यंत. लिहून झाल्यावर पाटी खाली न ठेवता तो बसून राहिला. मग म्हणाला, "बाई, मग नव्व्याण्णवला एकोणशंभर का न्हाईत म्हणत?"